शेपटीवरून ओळख : हंपबॅक देवमाशांच्या प्रवासाचा मागोवा

आजचा विषय हंपबॅक देवमाशांचा. बुडी मारताना या देवमाशाची पाठ कमानीसारखी वर येते, आणि पाठीवरचा लहानसा पर एखाद्या उंचवट्यावर बसवल्यासारखा दिसतो. त्यावरून इंग्रजीत त्याला कुबडवाला म्हणाले. आपण आज सरळ हंपबॅकच म्हणू. देवमासा हा मासा नव्हे, हवेत श्वास घेणारा आणि पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे, हे आपल्या नेहमीच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

पूर्ण वाढलेला हंपबॅक तेरा-चौदा मीटर लांब असतो आणि वजन तीस टनांच्या घरात. म्हणजे एस. टी. बसपेक्षा मोठा. पण त्याचा बहुतेक वेळ पाण्याखाली जातो. श्वास घ्यायला वर आला, दोन-चार फवारे सोडले, की गेला खाली. समजा आज अलास्काच्या किनाऱ्याजवळ असा एक हंपबॅक दिसला. काही महिन्यांनी हवाईजवळ, म्हणजे साडेचार हजार किलोमीटर लांब, कोणाला तरी आणखी एक हंपबॅक दिसला. हा तोच का? की दुसराच कोणी? जोवर याचं उत्तर देता येत नव्हतं, तोवर हंपबॅकच्या स्थलांतराबद्दल जे काही लिहिलं गेलं त्यातलं पुष्कळसं अंदाजाने लिहिलेलं होतं.

ढोबळ चित्र जुन्या शिकाऱ्यांनाही माहीत होतं. उन्हाळ्यात हे प्राणी थंड समुद्रात असतात, कारण तिथे खायला भरपूर. क्रिल नावाची कोळंबीसारखी बारीक जीवसृष्टी आणि छोटे मासे. हिवाळा आला की ते उष्ण, उथळ समुद्राकडे निघतात. तिथे मीलन होतं, पिल्लं जन्मतात. गर्भधारणा साधारण अकरा-बारा महिन्यांची, त्यामुळे एका हिवाळ्यात मीलन आणि पुढच्या हिवाळ्यात बाळंतपण असं ते गणित बसतं. गंमत म्हणजे या उबदार पाण्यात त्यांना खायला जवळजवळ काहीच मिळत नाही. जाणं, राहणं आणि परत येणं, एवढे सगळे महिने ते उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर काढतात. आणि आई तर त्याच चरबीतून पिल्लाला दूधही पाजते. ही चरबीची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

पण कुठल्या थंड समुद्रातले हंपबॅक कुठल्या उष्ण समुद्रात जातात? पहिली पद्धत जी निघाली ती आज ऐकताना विचित्र वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश संशोधकांनी पोलादी नळ्या वापरायला सुरुवात केली. वीतभर लांबीची नळी, तिच्यावर क्रमांक कोरलेला. ती बंदुकीतून देवमाशाच्या पाठीत मारायची. नळी चरबीतून आत जाऊन स्नायूत रुतायची, आणि बाहेरून काही दिसायचं नाही. मग ती परत कधी मिळणार? तो देवमासा मारला गेला, कापला गेला, आणि कामगाराच्या हाताला नळी लागली, तर! खूण केल्याची जागा आणि मारल्याची जागा, असे दोन बिंदू मिळायचे. या पद्धतीने खरंच माहिती मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे हंपबॅक अंटार्क्टिक समुद्रात जातात हे अशाच नळ्यांवरून पक्कं झालं. पण एका देवमाशाच्या आयुष्यातला हा हिशेब एकदाच लागायचा, तोही तो मेल्यावर. जिवंत देवमासा दर वर्षी काय करतो, हे या पद्धतीला कळणं शक्यच नव्हतं.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शिकार इतकी झाली होती की हंपबॅकची व्यापारी शिकार थांबवावी लागली. देवमासे मिळेनासे झाले, तशा नळ्याही. आता नवीन पद्धत लागणार होती.

ती निघाली शेपटीतून. माशाची शेपटी उभी असते, देवमाशाची आडवी. खोल बुडी मारताना हंपबॅक आपली शेपटी पूर्ण पाण्याबाहेर काढतो, आणि तिची खालची बाजू मागून बघणाऱ्याला काही सेकंद लख्ख दिसते. ही खालची बाजू कोणाची जवळजवळ पांढरी, कोणाची पूर्ण काळी, बहुतेकांची या दोहोंच्या मधली, काळ्या-पांढऱ्या डागांची. शिवाय शेपटीची मागची कडा करवतीसारखी दातेरी, आणि प्रत्येकाचे दाते वेगळे. त्यात भर म्हणजे आयुष्यभराच्या खुणा: किलर व्हेलच्या दातांचे समांतर ओरखडे, जाळ्याच्या दोरांचे वळ, बार्नॅकल चिकटून पडलेले गोल डाग. दोन हंपबॅकची शेपटी सारखी नसते. पिल्लाचे डाग पहिल्या एक-दोन वर्षांत बदलतात, पण नंतर ते इतके टिकतात की चाळीस-पन्नास वर्षांनीही ओळख पटते.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कॉलेज ऑफ द अटलांटिकमध्ये स्टीव्हन कटोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे फोटो जमवून उत्तर अटलांटिकची सूची करायला घेतली. आज त्या सूचीत दहा हजारांहून जास्त हंपबॅक आहेत. पश्चिमेकडे अलास्कामध्येही त्याच काळात फोटो जमू लागले होते. काम कसं चालायचं? कृष्णधवल फोटो, पुठ्ठ्याच्या फायली, आणि माणसाची नजर. नवीन फोटो आला की तो जुन्या प्रत्येक फोटोशेजारी धरायचा. हजार फोटो असतील तर हजार वेळा.

आम्हाला इथे सॉल्ट या मादीजवळ थोडं थांबायचं आहे. बोस्टनच्या पूर्वेला मेनचं आखात आहे. तिथे केप कॉडवरून देवमासे दाखवायला नेणाऱ्या बोटींना १९७० च्या दशकाच्या मध्यात ही मादी पुन्हा पुन्हा दिसायला लागली. पाठीवरच्या परावर पांढरे ठिपके, मीठ भुरभुरल्यासारखे, म्हणून नाव सॉल्ट. त्याच दशकात तिचा फोटो कॅरिबियन समुद्रात, डॉमिनिकन रिपब्लिकजवळ मिळाला. मेनच्या आखातात उन्हाळा काढणारे हंपबॅक हिवाळ्यात तिकडे जातात, याचा हा पहिला थेट पुरावा. अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. त्यासाठी कोणाला मारावं लागलं नाही, आणि हिशेब तिथे संपलाही नाही. सॉल्ट पुढची कित्येक दशकं येत राहिली, डझनाहून जास्त पिल्लं घेऊन आली, त्या पिल्लांना पिल्लं झाली. तिच्या लेकरांची नावंही घराण्याला शोभतील अशी: क्रिस्टल, टबॅस्को, वसाबी, सोया. (तिथला नियम असा, की माणसांची नावं ठेवायची नाहीत, नर की मादी हे सुरुवातीला कळत नाही, आणि डागावरून सुचलेलं नाव लक्षातही राहतं.)

या वंशावळीतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. पिल्लू पहिलं वर्ष आईबरोबर असतं. ती जिथे खायला जाते तिथे तेही जातं. मोठं झाल्यावर ते त्याच जागी परत येतं. आईचा उन्हाळा लेकराला मिळतो, माहेरच्या वाटेसारखा. हिवाळ्यात मात्र मेनचे, कॅनडाचे, ग्रीनलंडचे हंपबॅक कॅरिबियनच्या उबदार पाण्यात एकत्र येतात. म्हणजे लग्नघर सामायिक, पण जेवायला ज्याचं त्याने आपापल्या घरी.

हे नियम पक्के वाटू लागले तेव्हाच त्यांना न जुमानणारेही फोटोंतून सापडायला लागले. कोस्टा रिकाजवळ फोटो काढलेले सात हंपबॅक अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळही सापडले, म्हणजे विषुववृत्त ओलांडून आठ हजार किलोमीटरहून जास्त. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ १९९९ मध्ये नोंदलेली एक मादी २००१ मध्ये थेट मादागास्करजवळ दिसली. सरळ रेषेत मोजलं तरी ९,८०० किलोमीटर, आणि एक महासागर सोडून दुसऱ्यात. भटकायचं ते नरांनी, असा समज होता. ही निघाली मादी. आणि मादागास्करचा तो फोटो कोणा संशोधकाने नव्हे, देवमासे बघायला गेलेल्या एका पर्यटकाने काढलेला होता. अलीकडे २०२४ मध्ये यापुढची नोंद प्रसिद्ध झाली: २०१३ आणि २०१७ मध्ये कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ दिसलेला एक नर २०२२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्वेला झांझिबारजवळ होता. कमीत कमी अंतर १३,०४६ किलोमीटर. तो का गेला? जोडीदारासाठी, अन्नासाठी, की शिकारीनंतर वाढलेल्या गर्दीमुळे, याच्या चर्चा चालू आहेत. फोटो 'कुठे' आणि 'कधी' सांगतो. 'का' सांगत नाही.

फोटोची दुसरी मर्यादा अशी, की तो दोन टोकं देतो, मधला रस्ता देत नाही. अलास्का आणि हवाई इथल्या दोन फोटोंत फक्त ३९ दिवसांचं अंतर असलेला एक हंपबॅक सापडला, म्हणजे तो जवळजवळ न थांबता पोहत गेला असणार. पण कुठल्या वाटेने? त्यासाठी उपग्रहाशी बोलणारे टॅग आले. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने टॅग पाठीत रोवायचा. देवमासा श्वासाला वर आला की अँटेना पाण्याबाहेर येतो आणि उपग्रहाला संदेश जातो. दक्षिण अटलांटिक आणि दक्षिण पॅसिफिकमधल्या अशा टॅगवाल्या हंपबॅकचे मार्ग २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उघडा समुद्र, प्रवाह आडवे, मध्ये वादळं, तरी ते शेकडो किलोमीटर एकच दिशा धरून जात होते, एका अंशाचाही फरक न करता. फक्त सूर्यावरून किंवा फक्त चुंबकीय क्षेत्रावरून एवढी अचूकता समजावता येत नाही. टॅगची अडचण वेगळी: तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो, मग गळून पडतो. आणि तो महाग. शेपटीचा फोटो फुकट आणि जन्मभराचा. तिसरी वाट कातडीच्या तुकड्यातून जनुकीय ओळख पटवण्याची; १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या ३,०६० नमुन्यांतून २,३६८ वेगवेगळे हंपबॅक ओळखले गेले. यात शेपटी न दाखवणारेही मोजले जातात, हा तिचा मोठा फायदा.

हे 'मोजणं' कसं होतं, ते एकदा नीट बघू. वारीचं उदाहरण घ्या. पालखी सासवडला असताना आपण वाटेल त्या हजार वारकऱ्यांचे फोटो काढले. पुढे लोणंदला पुन्हा हजार जणांचे काढले. जुळवून पाहिलं तर दहा चेहरे दोन्हीकडे सापडले. म्हणजे लोणंदच्या गर्दीत दर शंभरात एक जण आपल्या पहिल्या यादीतला. तर वारीत एकूण साधारण एक लाख लोक असावेत. एकेकाला न मोजता संख्या मिळाली, फक्त ओळखीवरून. अर्थात काही जण सासवडहून घरी परततात, काही वाटेत येऊन मिळतात, आणि काहींना फोटोच नको असतो. हंपबॅकचंही तसंच. उष्ण समुद्रात पिल्लाबरोबर असलेली आई शेपटी फारशी वर काढत नाही, त्यामुळे आया मोजणीत कमी येतात. या सगळ्याची दुरुस्ती गणितात करावी लागते. २००४ ते २००६ या काळात दहा देशांतल्या चारशेहून जास्त संशोधकांनी मिळून अख्ख्या उत्तर पॅसिफिकची अशी मोजणी केली आणि उत्तर आलं वीस हजारांच्या आसपास. शिकार थांबली तेव्हा तिथे दोन हजारसुद्धा उरले नव्हते.

त्या मोजणीतले फोटो जुळवायला माणसांना वर्षं लागली. २०१५ मध्ये टेड चीझमन यांनी हॅपीव्हेल नावाचा प्रकल्प सुरू केला. कोणीही, पर्यटकाने, नावाड्याने, संशोधकाने, शेपटीचा फोटो पाठवायचा. पुढे संगणकाला शेपट्या ओळखायला शिकवलं, आणि चांगला फोटो असेल तर तो शंभरात ९७ ते ९९ वेळा बरोबर ओळखतो. आपल्याकडचे कितीतरी आई-वडील मुलांकडे अमेरिकेत गेले की बोस्टनहून बोटीने देवमासे बघून येतात. त्यांच्या मोबाइलमध्ये शेपटीचा जो फोटो पडून आहे, तोही या कामाचा आहे बरं का!

आता ज्याच्यासाठी आम्ही हे सगळं सांगत आणलं, त्याकडे येऊ. २०१४ ते २०१६ या काळात उत्तर पॅसिफिकमध्ये समुद्री उष्णतेची प्रचंड लाट आली. पाणी तापलं, अन्नसाखळी खालपासून विस्कटली, हंपबॅकना उन्हाळ्यात पोटभर मिळेना. मघाशी म्हटलं ती चरबीची शिल्लक आठवा: शिल्लक नाही तर प्रवास नाही, आणि दूधही नाही. पण समुद्रात मेलेला देवमासा बहुतेक वेळा बुडतो. किनाऱ्यावर फार थोडे लागतात. मग किती गेले हे कळणार कसं?

शेपट्यांवरून कळलं. दर वर्षी हमखास दिसणारे ओळखीचे हंपबॅक दिसेनासे झाले. दोन दशकांचे फोटो एकत्र करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितलं, की उत्तर पॅसिफिकमधली संख्या २०१२ मध्ये ३३ हजारांवर पोचली होती, ती २०२१ पर्यंत २६,६०० च्या आसपास घसरली. हवाईला जाणाऱ्यांमधली घट तर ३४ टक्के. सात हजारांच्या जवळपास देवमासे, आणि एकेकाची ओळख नोंदलेली नसती तर ही घट इतक्या नेमकेपणाने हाती आलीच नसती. त्यातला एक फेस्टस. हा नर १९७२ पासून अलास्कात ओळखीचा होता. २०१६ च्या जूनमध्ये ग्लेशियर बे इथे त्याचं कलेवर सापडलं, शरीर उपासमारीने खंगलेलं. त्याच १९७२ मध्ये पहिल्यांदा फोटो निघालेला आणखी एक नर, ओल्ड टायमर, उष्णतेच्या लाटेनंतर आहे की गेला याची संशोधकांना शंका होती. २०२४ च्या जुलैमध्ये अलास्कात एक शेपटी वर आली आणि ती त्याची निघाली. वय निदान बावन्न.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच आला: आपल्या समुद्रात हंपबॅक आहेत का, आणि तेही असेच जातात-येतात का?

आहेत. आणि त्यांची गोष्ट जगावेगळी आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक ध्रुवाकडे जात नाहीत. ते इथेच खातात आणि इथेच वितात. याचं कारण आपला मान्सून. नैऋत्य वारे ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी लोटून नेतात, तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं, आणि उष्ण कटिबंधातच अन्नाचं भरलेलं ताट तयार होतं. हे कळण्याची कथा मात्र चांगली नाही. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात २४२ हंपबॅक बेकायदा मारले. त्यांची खरी कागदपत्रं १९९० च्या दशकात बाहेर आली. मारलेल्यांच्या पोटात ताजं अन्न होतं, आणि गर्भांच्या लांबीवरून दिसलं की त्यांचं विण्याचं वेळापत्रक उत्तर गोलार्धाचं आहे. हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते. पुढे जनुकीय अभ्यासातून असा अंदाज निघाला की हा गट सुमारे ७० हजार वर्षं इतरांपासून वेगळा आहे. ओमानमध्ये जमवलेल्या शेपटीच्या फोटोंवरून तिथल्या पाण्यातली संख्या आली ८२. ब्याऐंशी हजार नव्हे, ब्याऐंशी. मासेमारीची जाळी आणि जहाजांची वर्दळ यांच्यामध्ये.

ध्रुवाकडे जात नसले तरी ते एका जागी बसून राहत नाहीत. २०१७ च्या अखेरीला ओमानच्या मसिरा आखातात एका मादीला उपग्रह टॅग लावला. तिचं नाव लुबान. आपला 'लोबान' तो हाच शब्द. ती अरबी समुद्र पार करून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे आली आणि मग खाली, देशाच्या दक्षिण टोकापर्यंत गेली. तिकडचे आणि इकडचे हंपबॅक एकाच घरातले असू शकतात, हे एका मादीने दाखवलं.

आणखी एकांनी विचारलं, मग आपल्याकडे त्यांची नोंद होते का? गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालच्या मायक्रोफोनवर हंपबॅक नरांची गाणी नोंदली गेली आहेत. पण गाण्यावरून नर इथे होता एवढं कळतं. तो कोण, हे कळत नाही. त्याला शेपटीच लागते. तेव्हा कोकणात किंवा गोव्यात बोटीवर असताना फवारा दिसलाच, तर पाठलाग करू नका, बोट जवळ नेऊ नका, इंजिन मंद ठेवा. पाठ कमानीसारखी उंच झाली की पुढच्या क्षणी शेपटी वर येणार. त्या वेळी तुम्ही त्याच्या मागच्या बाजूला असाल तर खालची बाजू मिळेल. शेपटी नाही मिळाली तर पाठीवरच्या पराचा फोटो घ्या, त्यावरूनही ओळख पटते. तारीख, वेळ आणि मोबाइलमधलं ठिकाण तिथल्या तिथे लिहून ठेवा. फोटो धूसर आला तरी पुसून टाकू नका.